सोणाची वीणा आणि आपली गिटार

(वर्षावासाच्या कार्यक्रमात ताम्हिणी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या काळात विहारात धम्मग्रंथावर बोलायचे असते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र कार्यकारिणीने गिटारच्या सरावावर बोलायला सांगितले. विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यातील काही ज्येष्ठ मंडळी एकमेकांकडे पाहून हसली, ते मी पाहिले आहे. त्यांचे हसणे साहजिक आहे. मुलांनी स्पर्धा परीक्षेची पुस्तके घ्यावीत की गिटार घ्यावी, असा त्यांचा प्रश्न असणार. पण परिस्थिती अशी आहे की गिटार आधीच घरात आलेली आहे. कोणी पहिल्या पगारातून घेतली, कोणी पुण्याहून जुनी आणली, दोन आपल्या विहारात आहेत. ताम्हिणीत शिकवणारा कोणी नाही. पुण्यात क्लासला जायचे म्हणजे घाट-रस्ता, एस.टी.ची वाट आणि क्लासची फी. म्हणून मुले मोबाइलवर पाहून शिकतात. महिना-दोन महिने उत्साह असतो, मग बोटे दुखतात, गाणे काही वाजत नाही, आणि गिटार खुंटीला लागते. तिथे ती धूळ खाते आणि मुलगा मनाशी ठरवून टाकतो की हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे.

हे शेवटचे वाक्य मला फार बोचते, आणि आजचे बोलणे त्यासाठीच आहे.

वाजवणे आपल्या लोकांना नवे नाही. गावच्या जत्रेत, लग्नात, मिरवणुकीत वाद्य वाजवणे हे काम काही समाजांवर जातीने लादलेले होते. वाजवणारा मांडवाच्या बाहेर आणि ऐकणारा आत. आवड आहे की नाही हे कोणी विचारत नसे. बाबासाहेबांच्या चळवळीने अशी लादलेली कामे नाकारायला शिकवले आणि आपल्या बापजाद्यांनी ती नाकारली, त्याची किंमतही मोजली. परंतु त्याच चळवळीने जलसेही उभे केले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलशातून गावोगाव विचार पोचवला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक शाळेत शिकलेले नव्हते. मोठेपणी मुंबईत त्यांनी अक्षरे ओळखायला सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर गाणी लिहिली. म्हणजे नाकारली ती सक्ती, वाद्य कधीच नाकारले नाही. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या वेळात, कोणाच्या दारात उभे न राहता वाद्य हातात घेणे ही वेगळी गोष्ट आहे.

खुद्द बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ज्यांच्या डोक्यावर साऱ्या समाजाचा भार, प्रकृती साथ देत नाही, लिहायचे ग्रंथ समोर पडलेले, त्या माणसाने त्या वयात नवशिक्यासारखे तारेवर गज धरला. पुण्यात सेनापती बापट मार्गावर सिंबायोसिसच्या संग्रहालयात त्यांच्या वस्तू जतन केल्या आहेत, त्यात ते व्हायोलिनही आहे. (ज्या सेनापती बापटांच्या नावाचा तो रस्ता, त्यांनी १९२१ पासून आपल्याच मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह चालवला, हे मुळशीकरांना मी सांगायला नको.) विद्यार्थ्यांची सहल काढाल तेव्हा त्या व्हायोलिनसमोर जरा थांबा. त्यांना शिकवायला माणूस मिळाला होता, आपल्याला नाही, एवढा फरक आहे. बाकी, उशीर झाला आणि वेळ नाही या दोन्ही सबबी तिथे गळून पडतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रोजचा सराव कसा असावा याबद्दलचा सर्वात जुना आणि माझ्या मते सर्वात शहाणा सल्ला त्रिपिटकातच आहे. तो अंगुत्तर निकायात आहे, आणि विनयाच्या महावग्गातही ती कथा येते. सोण कोळीविस हा चंपा नगरीतील श्रीमंत घराण्यातला मुलगा. इतका लाडात वाढलेला की त्याचे तळवे कधी जमिनीला नीट लागले नव्हते. तो भिक्खू झाला आणि राजगृहाजवळ सीतवनात चंक्रमण करू लागला. चंक्रमण म्हणजे चालता चालता करायचे ध्यान. त्याने इतका जोर लावला की पाय फुटून वाट रक्ताने माखली. तरी मनाला शांती नाही. तेव्हा त्याच्या मनात आले की एवढी मेहनत करून काही हाती लागत नाही, घरी संपत्ती आहे, परत जावे आणि दानधर्म करून राहावे.

तथागत त्याच्याकडे आले. त्यांनी त्याला रागावले नाही, आणखी मेहनत कर असेही म्हटले नाही. त्यांनी विचारले की सोणा, तू गृहस्थ असताना वीणा चांगली वाजवायचास ना? तो हो म्हणाला. मग तारा फार ताणलेल्या असल्या तर वीणा नीट वाजायची का? नाही. फार सैल असल्या तर? तरीही नाही. आणि ना ताणलेल्या ना सैल, योग्य सुरात लावलेल्या असल्या तर? तेव्हा वाजायची. तथागतांनी सांगितले की उद्योगाचेही तसेच आहे. अति ताणला तर मन अस्वस्थ होते, सैल सोडला तर आळस येतो. पालीत याला विरियसमता म्हणतात, वीर्याचा म्हणजे प्रयत्नाचा समतोल.

आपण ही कथा मध्यम मार्गाचा दाखला म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. पण वादकाच्या नजरेने पाहिली तर तीत आणखी एक गोष्ट दिसते. तार एकदा सुरात लावली की काम संपत नाही. ती उतरते. ती रोज लावावी लागते. थंडीत वेगळी, पावसात वेगळी. म्हणजे समतोल ही एकदा मिळवून ठेवण्याची वस्तू नाही. रोज बसल्यावर पहिल्यांदा आजची तार कुठे आहे ते पाहायचे. आज दिवसभर भातलावणी करून बोटे फुगली आहेत का, आज परीक्षा संपली म्हणून मन मोकळे आहे का, त्याप्रमाणे आजचा सराव. आणखी एक बारकावा आहे. पुढे सोण अर्हत झाल्यावर त्याचे पाय नाजूक म्हणून त्याला एका तळाची पादत्राणे वापरण्याची परवानगी मिळाली. त्याने ती एकट्यासाठी घेतली नाही, तेव्हा ती संघालाच दिली गेली. शिकणाऱ्याच्या शरीराला त्रास होत असेल तर नियम बदलता येतो, इतका तो मार्ग समंजस होता. बोटातून रक्त आल्याशिवाय वादक होत नाही, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना सोणाची कथा सांगा.

इथे एका गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. आपल्याकडे भीमजयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांच्या ज्ञाननिष्ठेला ते अभिवादन आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण काही मुले त्याच हिशेबाने गिटारकडे पाहतात. आठवडाभर हात लावायचा नाही आणि रविवारी सहा तास बसायचे. बोटांचे कौशल्य असे येत नाही. याचा एक चांगला पुरावा आहे, आणि तो टपाल खात्यातला आहे. इंग्लंडमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखनाचा कळफलक शिकवायचा होता. बॅडली आणि लाँगमन या दोन संशोधकांनी त्यांचे गट केले. एका गटाला दिवसाला एकच तास, दुसऱ्या टोकाच्या गटाला दिवसाला दोन दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे चार तास. १९७८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवढे कौशल्य चार तासवाल्यांना साधायला सुमारे ८० तास लागले, तेवढे एक तासवाल्यांनी सुमारे ५५ तासांत मिळवले. गंमत पुढे आहे. सर्वात कमी समाधानी कोण होते, तर हेच एक तासवाले. कारण तास कमी लागले तरी दिवस जास्त लागले, आणि आपण मागे पडतो आहोत असे त्यांना वाटत राहिले. घरी एकटे शिकणाऱ्याचे दुःख नेमके हेच असते. प्रगती होत असते आणि दिसत नसते.

दहा हजार तासांची गोष्टही आता सर्वांच्या तोंडी आहे. १९९३ साली एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून पुढे हा आकडा लोकप्रिय झाला. मी बँकेत कारकून आहे, आकडा दिसला की हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. रोज अर्धा तास धरला तर दहा हजार तासांना वीस हजार दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ पंचावन्न वर्षे. तेव्हा तो आकडा सोडून द्या. ते जगातील उत्तम व्हायोलिनवादक होऊ पाहणारे विद्यार्थी होते. आपल्याला विहारात वंदनेनंतर चार गीतांना साथ करायची आहे. त्या अभ्यासातले उपयोगाचे दुसरेच आहे. ते विद्यार्थी नुसते वाजवत बसत नसत. जमत नाही तेवढाच भाग काढून, लक्ष देऊन, त्यावर काम करत. आणि मध्ये विश्रांती घेत.

आता रोजचे पाहू. नोकरी, शेती किंवा शाळा सांभाळणाऱ्याला रोज चाळीस मिनिटे मिळाली तर उत्तम, पंचवीस मिळाली तरी चालेल. वेळ ठरलेली हवी, म्हणजे गिटार केव्हा घ्यायची याचा रोज नव्याने विचार करावा लागत नाही. माझ्या पाहण्यात संध्याकाळी जेवणाआधीची वेळ टिकते. जेवणानंतरची टिकत नाही, झोप येते.

पहिली तीन-चार मिनिटे तारा लावायला. मोबाइलवर ट्यूनर फुकट मिळतो, तो वापरा, पण फक्त एका तारेसाठी. जाडीकडून दुसरी, म्हणजे ए ची तार, ट्यूनरवर लावा आणि बाकीच्या कानाने लावा. जाड ई ची तार पाचव्या पट्टीवर दाबली की ए चा सूर येतो. ए ची पाचव्या पट्टीवर डी, डी ची पाचव्या पट्टीवर जी. जी ची मात्र चौथ्या पट्टीवर बी, आणि बी ची पुन्हा पाचव्या पट्टीवर बारीक ई. दोन सूर जवळ आले की आवाजात एक लाट ऐकू येते, वाँव वाँव अशी. सूर जुळत जातो तशी ती लाट मंदावते आणि जुळला की थांबते. शेवटी ट्यूनरवर तपासून पाहा. सुरुवातीला हे दहा मिनिटे घेईल. घेऊ द्या. हा सरावाआधीचा वेळ वाया गेला असे समजू नका, कान तयार करणारा याच्याइतका चांगला सराव मला माहीत नाही, आणि ज्याला शिकवणारा नाही त्याचा शिक्षक म्हणजे त्याचा कानच.

नंतर पाच मिनिटे बोटांसाठी. डाव्या हाताची चार बोटे लागोपाठच्या चार पट्ट्यांवर, एकेका तारेवर, अगदी हळू. इथे दोन गोष्टी पाहायच्या. बोट पट्टीच्या धातूच्या अगदी मागे पडते का, आणि सूर स्वच्छ येईल एवढाच जोर लावतो का. बहुतेक नवशिके दुप्पट जोर लावतात आणि मग मनगट दुखते. एक उपाय करून पाहा. तार दाबा, वाजवत राहा आणि जोर हळूहळू कमी करा. आवाज खरखरू लागेल त्याच्या किंचित वर जो जोर आहे, तेवढाच तुमचा. पुन्हा तेच, ना फार ताणलेले ना सैल.

मग दहा-बारा मिनिटे कॉर्डसाठी. पुस्तकांत आणि मोबाइलवर शेकडो कॉर्ड दाखवतात, त्यांच्या नादी लागू नका. ए मायनर, डी मायनर आणि ई एवढ्या तीन घ्या. कॉर्ड धरता येणे अवघड नाही, एका कॉर्डवरून दुसरीवर वेळेत जाणे अवघड आहे, आणि गाणे तिथेच मोडते. म्हणून घड्याळ लावून एक मिनिट फक्त ए मायनर ते डी मायनर, डी मायनर ते ए मायनर, असे बदल करा आणि मोजा. पहिल्या दिवशी दहा-बारा होतील. तो आकडा वहीत लिहा. मग दुसरी जोडी. जोडीतले कोणते बोट उशिरा पोचते ते पाहा, बहुधा एकच बोट गुन्हेगार असते. तीसच्या आसपास बदल स्वच्छ होऊ लागले की गाण्यात अडत नाही. नंतर सी आणि जी घ्या. एफ ची पूर्ण कॉर्ड, जीत पहिले बोट सहाही तारांवर आडवे टाकावे लागते, ती पुष्कळांची गिटार खुंटीला लावते. ती घाईने करू नका, चार तारांची छोटी एफ बराच काळ पुरते.

उजव्या हाताबद्दल मला थोडे जास्त बोलायचे आहे, कारण मोबाइलवरचे बहुतेक धडे इंग्रजी गाण्यांच्या ठेक्यावर असतात. आपली बुद्धगीते, भीमगीते बहुतांशी केरव्यात आणि दादऱ्यात आहेत. ढोलकीचा कान आपल्या मुलांना जन्मापासून आहे, तो गिटारसाठी वापरायला हवा. केरव्याच्या आठ मात्रा तोंडाने म्हणा, धा गे ना ती न क धि न, आणि हात एक मात्रा खाली, एक मात्रा वर असा सतत हलता ठेवा. हात थांबवायचा नाही. पहिल्या मात्रेला जोरात, पाचव्या मात्रेला त्याहून जरा कमी, मधल्या काही मात्रांना हात तारांना न लावता नुसताच जाऊ द्यायचा. दादऱ्याच्या सहा मात्रा तशाच. आधी डाव्या हाताने सगळ्या तारांवर हलकेच पंजा टेकवून आवाज बंद करा आणि नुसता ठेका वाजवा. घरात कोणी ढोलकी वाजवणारे असेल तर त्यांच्यासमोर बसा. आपल्यातील ज्या ज्येष्ठ मंडळींना गिटारचे हसू आले, त्यांच्यापैकी किती जणांच्या बोटांत हा ठेका आहे ते मला ठाऊक आहे. मुलांना जे कोणी शिकवू शकत नाही असे मी मघाशी म्हटले, त्यातला निम्मा भाग तुम्ही शिकवू शकता.

उरलेला वेळ गाण्याला. एकच गाणे, निदान दोन आठवडे तेच. आणि इथे मुलांचा हटकून होणारा प्रकार असा की गाणे पहिल्यापासून सुरू करायचे, अडले की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे मुखडा शंभर वेळा वाजतो आणि अंतऱ्याची दुसरी ओळ, जिथे खरे अडते, ती पाच वेळा. उलट करा. अडते त्या जागेच्या दोन मात्रा आधीपासून दोन मात्रा नंतरपर्यंत, एवढाच तुकडा घ्या. लय निम्म्यावर आणा, मिनिटाला साठ ठोके. चुकीशिवाय पाचदा झाला की लय थोडी वाढवा. चूक झाली तर लय खाली. घाईने वाजवताना बोटे चूकच पाठ करतात, आणि पाठ झालेली चूक काढायला नवे शिकण्यापेक्षा जास्त दिवस जातात. तुकडा झाला की शेवटी गाणे एकदा पूर्ण वाजवा, अडले तरी न थांबता. ते स्वतःच्या आनंदासाठी.

आठवड्यातून एकदा ते गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच वेळी ऐकू नका. वाजवताना आपण मनातले गाणे ऐकत असतो, दुसऱ्या दिवशी जे वाजले ते ऐकू येते. आणि वही ठेवा. बँकेत दिवस संपताना रोकड जुळल्याशिवाय उठता येत नाही, तसे दोन ओळी लिहिल्याशिवाय गिटार पिशवीत घालू नका. आज काय केले, कुठे अडले, उद्या कुठून सुरू करायचे. महिन्यानंतर मागे पाहिले की त्या टपाल कर्मचाऱ्यांना जे दिसले नाही ते तुम्हाला वहीत दिसेल.

मोबाइलवर शिकवणारे गुरू तर असंख्य आहेत. एक म्हणतो अंगठा मानेच्या मागे ठेवा, दुसरा म्हणतो वर आला तरी चालतो. एक म्हणतो पिकने वाजवा, दुसरा म्हणतो बोटांनी. अशा वेळी केसपुत्त गावच्या कालामांची आठवण ठेवावी. निरनिराळे आचार्य गावात येऊन आपलेच खरे सांगतात, आम्ही कोणाचे मानावे, असा त्यांचा प्रश्न होता. परंपरा म्हणून नको, आचार्य मोठा म्हणून नको, स्वतः तपासून हितकर ठरले तर घ्या, असा तथागतांच्या उत्तराचा आशय आहे. गिटारच्या बाबतीत तपासणी सोपी आहे. आठ दिवस तसे करून पाहा. सूर स्वच्छ झाला आणि हात दुखला नाही, तर ते तुमच्यासाठी बरोबर. पण तपासणे म्हणजे वाजवणे. एकामागून एक चित्रफिती पाहत रात्र घालवली तर शिकल्यासारखे वाटते, बोटांना काहीच कळलेले नसते. सरावाच्या चाळीस मिनिटांत मोबाइल फक्त ट्यूनर, ठोके आणि ध्वनिमुद्रण यासाठी.

स्वतः शिकणारा कुठवर जाऊ शकतो? अमेरिकेतील दोन नावे सांगतो. दोघेही तिथल्या कृष्णवर्णीय समाजातले. त्या समाजाचे आणि आपले नाते जुने आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव ब्लॅक पँथरवरूनच घेतले. तर पहिली एलिझाबेथ कॉटन. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील गरीब घरची, लहान वयातच लोकांकडे घरकामाला लागलेली. त्या कमाईतून तिने गिटार घेतली. ती डावखुरी होती आणि डावखुऱ्यांची गिटार मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून सरळ गिटार उलटी धरून वाजवायला शिकली. त्यामुळे जे इतर अंगठ्याने वाजवतात ते ती बोटांनी, आणि जे इतर बोटांनी ते ती अंगठ्याने वाजवू लागली. कोणी शिकवणारा असता तर पहिल्याच दिवशी तिला दटावले असते. पुढे संसारात आणि कष्टात गिटार कित्येक वर्षे सुटली. उतारवयाकडे झुकताना ती सीगर या संगीतज्ञ कुटुंबात घरकामाला होती, तिथे भिंतीवरची गिटार तिने पुन्हा हातात घेतली. १९५८ मध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि नव्वदी ओलांडल्यावर, १९८५ मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तिची ती उलटी पद्धत आज जगभरचे वादक तिच्या नावाने शिकतात.

दुसरा वेस माँटगोमेरी. विशीच्या आसपास सुरुवात केली, स्वरलिपी वाचता येत नव्हती, ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून शिकला. दिवसा कारखान्यात काम, रात्री वादन. आवाजाची शेजाऱ्यांना अडचण होते म्हणून पिक बाजूला ठेवून तो अंगठ्याच्या मांसल भागाने हळू वाजवू लागला, आणि तोच मऊ सूर त्याची ओळख झाला. आपल्याकडे स्वतः शिकलेल्या एकलव्याचा अंगठा मागून घेतल्याची कथा सांगतात. या माणसाचा अंगठा त्याच्यापाशीच राहिला.

गिटार आपल्या गीतांना शोभत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की मुंबईत धम्म विंग्ज या नावाने तरुण मुले गिटारवर बुद्धगीते, भीमगीते म्हणतात, आणि चेन्नईत २०१८ च्या सुरुवातीपासून द कास्टलेस कलेक्टिव्ह हा संच पारंपरिक तालवाद्यांबरोबर गिटार वाजवून जातीविरुद्ध गातो आहे. आवडावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आता खास ताम्हिणीकरांसाठी दोन शब्द. इथला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि गिटार ही लाकडाची वस्तू आहे. लाकूड दमट हवेत फुगते, पुढची फळी वर येते, तारा पट्ट्यांपासून उंच होतात आणि दाबायला जड जातात. पुष्कळ मुलांना श्रावणात वाटते की आपल्याला येईनासे झाले. त्यांना येत असते, गिटार बदललेली असते. म्हणून पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, चुलीजवळही ठेवू नये. जाड पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आतल्या खोलीत ठेवावी. वाजवून झाले की सुती कोरड्या फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसावी. घाम आणि दमट हवा मिळून तारेला आठ दिवसांत गंज धरतो, आणि गंजलेली तार बोटे कापते. जुनी गिटार घेताना बाराव्या पट्टीपाशी तपासा. पट्टीच्या धातूवरून तारेची उंची अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा फार जास्त नको. बारावी पट्टी तारेच्या बरोबर निम्म्यावर असते, म्हणून तिथे दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या सुराचा वरच्या सप्तकातला जोडीदार यायला हवा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मोजपट्टी लावून पाहावे. तो सूर बेसूर आला, तर गिटार कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, कारण तिच्यावर कान बिघडेल आणि दोष तुम्ही स्वतःला द्याल.

विहारातल्या दोन गिटारींबद्दल माझी कार्यकारिणीला सूचना आहे की त्या कपाटात बंद ठेवू नयेत. ज्या मुलामुलींच्या घरी गिटार नाही त्यांना रोजची ठरावीक वेळ वाटून द्यावी, आणि त्यात मुलींची वेळ उजेडाची असावी, म्हणजे घरच्यांना काळजी राहणार नाही. रविवारी वंदनेनंतर सर्वांनी एकत्र बसावे. स्वतः शिकणे म्हणजे एकट्याने शिकणे नव्हे. आनंदांनी एकदा तथागतांना म्हटले की कल्याणमित्र मिळणे म्हणजे अर्धे काम झाले. तथागत म्हणाले, अर्धे नव्हे, संपूर्ण. दुसऱ्याचे बोट कुठे अडते ते पाहताना आपले कुठे अडते ते कळते.

बोलणे संपल्यावर एका दहावीच्या विद्यार्थिनीने विचारले की परीक्षेच्या महिन्यात काय करायचे, आई गिटार कपाटावर ठेवून देते. आईंना मी सांगितले, ठेवू नका, पण वेळ दहाच मिनिटे द्या. त्या दहा मिनिटांत नवे काही शिकायचे नाही. तारा लावायच्या, येते ते एक गाणे पूर्ण वाजवायचे, तारा पुसायच्या, गिटार पिशवीत घालायची आणि भूमितीचे पुस्तक उघडायचे.